पाणवठ्यावरील झाकणशिळा : हिंगोली परिसरातील जलवास्तू आणि शिळा उचलण्याचे तंत्र

मराठवाड्यातील प्राचीन वास्तूंचा अभ्यास करताना शिखर, मंडप, स्तंभ व मूर्ती यांकडे अभ्यासकांचे लक्ष साहजिकच प्रथम जाते. वास्तू उभी राहिल्यानंतर ती शतकानुशतके वापरात कशी राहिली, तिच्यातील पाणी कोठून येई व कोठे जाई, साचलेला गाळ आणि पाण्यावर तरंगणारा पालापाचोळा कोण व कसा काढीत असे, हे प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिले आहेत. या प्रश्नांचे उत्तर शोधताना एका अगदी सामान्य वस्तूपाशी थांबावे लागते. ती वस्तू म्हणजे पाण्याच्या वाटेवर किंवा हौदाच्या तोंडावर ठेवलेली झाकणशिळा. ही शिळा जड असली तर पाणी सुरक्षित राहते, परंतु सफाई अडते. हलकी असली तर सफाई सुलभ होते, परंतु पाणी उघडे पडते. या दोन गरजांचा मेळ निरनिराळ्या काळांत कसा घातला गेला आणि जड शिळा उचलण्याचे तंत्र त्याच्याशी कसे निगडित होते, याचा विचार हिंगोली परिसराच्या संदर्भात करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके होत. त्यामुळे या प्रदेशाचा मध्ययुगीन इतिहास पाहताना परभणीचा विचार वगळता येत नाही. कल्याणीचे चालुक्य, देवगिरीचे यादव, पुढे बहमनी, निजामशाही, मोगल आणि हैदराबादचे निजाम अशा क्रमाने हा प्रदेश निरनिराळ्या सत्तांखाली राहिला. इंग्रजी अमदानीत हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंटचे लष्करी ठाणे होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. सत्ता बदलल्या तरी जमिनीखालचा दगड बदलला नाही, आणि प्रस्तुत विषयात त्या दगडाचे महत्त्व राजवंशांहून कमी नाही.

१. दगड आणि त्याचे वजन

हा सर्व प्रदेश दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा खडक बनला. त्यात घट्ट, एकजिनसी थर आहेत, तसेच वायूच्या पोकळ्यांनी भरलेले सच्छिद्र थरही आहेत. घडीव कामासाठी पाथरवट घट्ट थरातील दगड निवडीत. अशा दगडाची घनता पाण्याच्या सुमारे २.८ ते ३ पट असते. म्हणजे एक घनफूट दगडाचे वजन सुमारे ८२ किलोग्रॅम भरते. दोन फूट लांब, दोन फूट रुंद व सहा इंच जाड अशी साधी शिळा दोन घनफुटांची असते आणि तिचे वजन सुमारे १६४ किलोग्रॅम होते. लांबी आणखी एक फुटाने वाढविली की तेच वजन २४६ किलोग्रॅमवर जाते. पहिली शिळा उचलण्यास चार धडधाकट माणसे कशीबशी पुरतात. दुसरीसाठी सहा माणसे लागतील, पण तिच्या कडेभोवती सहा माणसांना हात घालण्यास जागाच राहत नाही. जड शिळेच्या बाबतीत खरी अडचण केवळ मनुष्यबळाची नसून ते बळ लावण्यास जागा मिळण्याची आहे, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. जमिनीच्या पातळीत बसविलेल्या शिळेस तर कडच सापडत नाही.

गेल्या शतकात या भागात शहाबादी फरशीचा प्रसार झाला. ती कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद परिसरातून येणारी चुनखडीची थरयुक्त फरशी होय. दोन फूट चौरस व दीड इंच जाड फरशीचे वजन ३७ ते ३८ किलोग्रॅमच्या आसपास असते. दोन माणसे ती सहज हलवितात. परंतु तिचा बाक सहन करण्याचा गुण बेसाल्टच्या जाड शिळेहून फारच कमी. एका कोपऱ्यात पहार घालून जोर केला तर ती मधोमध तडकते. गटारांवर आणि टाक्यांवर तुटक्या फरश्यांचे जे दृश्य सर्वत्र दिसते, त्याचे एक कारण झाकण उघडण्याच्या रीतीत आहे. जुन्या शिळेसाठी वापरली जाणारी पहार नव्या फरशीसाठी तशीच वापरली गेली.

२. औंढा नागनाथ : वजनावर उभी वास्तू

या जिल्ह्यातील सर्वांत प्रसिद्ध वास्तू म्हणजे औंढा येथील नागनाथाचे मंदिर. महाराष्ट्रातील परंपरा त्याची गणना बारा ज्योतिर्लिंगांत करते. मंदिराचा खालचा भाग यादवकालीन, हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचा असून वरचा भाग नंतरच्या काळात, पेशवाईतील प्रचलित पद्धतीने बांधलेला आहे. खालच्या भिंतींवर देवदेवता, हत्ती व अन्य आकृतींच्या रांगा कोरलेल्या आहेत. वरचा भाग चुनेगच्ची आहे. एकाच वास्तूत दोन बांधकामपद्धती एकावर एक उभ्या असल्यामुळे हे मंदिर तंत्राच्या अभ्यासकास विशेष उपयोगी आहे.

हेमाडपंती हे नाव यादव राजे महादेव (१२६१–१२७१) व रामचंद्र (१२७१–१३११) यांचा करणाधिप हेमाद्री याच्या नावावरून रूढ झाले. तथापि ही पद्धत त्याच्याहून जुनी आहे. अंबरनाथचे मंदिर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील असून त्यातही चुन्याविना सांधलेले घडीव दगड आहेत. या पद्धतीचे मर्म असे की, दगड दगडाशी चिकटविलेला नसतो. खाचा व कंगोरे एकमेकांत बसवून आणि वरच्या दगडाच्या भाराने खालचा दगड जागी दाबून धरून वास्तू उभी राहते. वजन हेच येथे चुन्याचे काम करते. याचा एक परिणाम असा की, जो दगड बसविता आला तो तत्त्वतः काढताही येतो. चुनेगच्चीत सांधा तोडल्याशिवाय दगड निघत नाही. कोरड्या बांधणीत वरचा भार दूर केला की दगड अखंड निघतो. झाकणशिळेची कल्पना याच परंपरेतील होय. ती आपल्या खाचेत केवळ वजनाने बसते, आणि वेळ आली की निघते.

नागनाथाचे लिंग मंदिराच्या तळपातळीखाली, एका लहानशा भूमिगत गाभाऱ्यात आहे. अरुंद वाटेने खाली उतरून दर्शन घ्यावे लागते आणि एका वेळी मोजकीच माणसे आत मावतात. तंत्राच्या दृष्टीने येथे दोन गोष्टी घडतात. एक तर वरच्या मंडपाचा तळ हेच खालच्या खोलीचे छत होते. म्हणजे पायाखालची शिळा ही एका अर्थी झाकणशिळाच होय. दुसरी गोष्ट अशी की, शिवलिंगावरील अभिषेकाचे पाणी उताराने बाहेर काढण्याचा जो साधा मार्ग उंच जोत्यावरील गाभाऱ्यास उपलब्ध असतो, तो भूमिगत गाभाऱ्यास नसतो. अशा ठिकाणी पाण्याच्या निचऱ्याची वाट बंदिस्त व खोल ठेवावी लागते आणि ती तुंबू न देण्याची काळजी सतत घ्यावी लागते.

शिवमंदिरातील या पाण्याच्या वाटेस सोमसूत्र म्हणतात आणि प्रदक्षिणा करताना ते ओलांडू नये असा संकेत आहे. परंतु त्याच धर्मशास्त्रीय परंपरेत अशीही मुभा सांगितली आहे की, सोमसूत्र गवत, लाकूड, पाने, दगड किंवा ढेकूळ यांनी झाकलेले असेल तर ते ओलांडण्यास हरकत नाही. ही मुभा अभ्यासकाने विशेष नोंदविण्यासारखी आहे. पन्हाळीवरील शिळा ही केवळ वाट सपाट करणारी सोय राहत नाही. तिला धार्मिक अर्थ प्राप्त होतो. उघडे पाणी मर्यादा घालते, झाकलेले पाणी ती शिथिल करते. साहजिकच अशी शिळा एकदा बसविली की ती हलविण्याकडे कल कमी होत जातो. जी वस्तू सफाईसाठी उघडावयाची, तीच पूजाविधीच्या दृष्टीने बंद असणे सोयीचे ठरते. झाकणशिळेच्या इतिहासातील हा पहिला विरोध होय.

३. बारव : झाकणाविना पाणी

या विरोधावर मध्ययुगीन मराठवाड्याने जे मुख्य उत्तर दिले, ते म्हणजे बारव. पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जाणारी ही विहीर मराठवाड्यात विपुल आढळते. जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे यादवकालीन मंदिरावशेषांसाठी प्रसिद्ध आहे. सेलू तालुक्यातील वालूर येथे चक्राकार पायऱ्यांची बारव आहे. बारवेच्या रचनेचे वर्णन बहुधा तिच्या भूमितीच्या अंगाने केले जाते. देखभालीच्या अंगाने पाहिल्यास तिचे वैशिष्ट्य निराळेच दिसते. बारवेस झाकण नसते. म्हणून झाकण उचलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पाण्याची पातळी उन्हाळ्यात कितीही खाली गेली तरी माणूस स्वतःच्या पायांनी तेथवर पोहोचतो. पाण्यावर तरंगणारी पाने, काड्या व शेवाळ पाणी भरणारी माणसेच हाताने बाजूला सारतात. तळाचा गाळ उन्हाळ्याच्या अखेरीस, पाणी सर्वांत कमी असताना, पाट्यांनी वर काढता येतो. पायरी हेच येथे सफाईचे यंत्र आहे.

मोठ्या कुंडांत पाण्याच्या वरच्या थराची सफाई सांडव्याने होते. पावसाळ्यात पाणी ठराविक पातळीच्या वर गेले की ते सांडव्यावाटे बाहेर पडते आणि पृष्ठावरचा कचरा आपोआप सोबत नेते. पाण्यातील मळ दोन प्रकारचा असतो, जड मळ तळाशी बसतो व हलका वर तरंगतो; म्हणून त्याच्या दोन वाटा निरनिराळ्या ठेवाव्या लागतात. आजच्या पोहण्याच्या तलावांत काठाशी असलेल्या ज्या कुंडीत पाण्याचा वरचा पातळ थर ओढून घेतला जातो आणि जाळीत कचरा अडविला जातो, त्या स्किमर नावाच्या योजनेत हेच तत्त्व आहे. फरक इतकाच की, तेथे पाणी पंपाने ओढले जाते आणि कचरा वाहून न जाता कुंडीतच साठतो. म्हणून ती कुंडी वारंवार उघडावी लागते, आणि तिच्यावर झाकण आले की जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो.

बारवेचे हे उत्तर निर्दोष मात्र नव्हते. ज्या पायऱ्यांमुळे सफाई सुलभ झाली त्याच पायऱ्यांनी रोगासही वाट दिली. त्याचा विचार पुढे केला आहे.

४. नहर : झाकणांची मालिका

सतराव्या शतकाच्या आरंभी मराठवाड्यात पाणीपुरवठ्याची दुसरी पद्धत आली. मलिक अंबरने वसविलेल्या खडकी शहरासाठी (पुढील औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर) त्याने भूमिगत नहर बांधविली. नहर-ए-अंबरी म्हणून ती प्रसिद्ध आहे. याच सुमारास, १६१५ मध्ये, बुऱ्हाणपूर येथे अब्दुल रहीम खानखानान याच्या कारकिर्दीत इराणी कनातींच्या धर्तीवर भूमिगत जलमार्ग झाला. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे बंदिस्त नळ आणला. या तिन्ही योजनांत एक गोष्ट समान आहे. जमिनीखालच्या मार्गावर ठराविक अंतराने उभी तोंडे ठेवलेली आहेत. पुण्याच्या योजनेत त्यांना उच्छ्वास हे अर्थपूर्ण नाव आहे. या तोंडांवाटे हवा खेळती राही, पाण्याचा दाब मोकळा होई, आणि माणूस आत उतरून गाळ काढू शके.

बारवेत सबंध पाणी उघडे असते. नहरीत सबंध पाणी झाकलेले असून थोडी तोंडे तेवढी उघडता येतात. म्हणून नहरीचे आयुष्य त्या तोंडांवर अवलंबून राहते. तोंड वस्तीत असेल तर त्यावर झाकण हवे, नाहीतर कचरा व जनावरे आत पडणार. झाकण सहज निघणारे असेल तर कोणीही पाणी चोरील किंवा दूषित करील. ते फार जड असेल तर नेमलेले कामगारही ते टाळतील आणि गाळ साचत जाईल. बुऱ्हाणपूरला तोंडांभोवती जमिनीच्या वर उंच गोल कठडा बांधून हा प्रश्न बव्हंशी टाळला गेला. पावसाचे वाहते पाणी कठड्यामुळे आत शिरत नाही. जेथे तोंड रस्त्यात वा अंगणात येते तेथे ही सोय चालत नाही, आणि जमिनीच्या पातळीतील शिळाच योजावी लागते.

यावरून एक नियम मांडता येतो. झाकणाचे वजन हे उघडण्याच्या वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात असले पाहिजे. वर्षातून एकदा उघडावयाच्या तोंडावर दीडशे किलोग्रॅमची शिळा चालते, कारण त्या दिवशी माणसे व अवजारे जमविता येतात. आठवड्यातून एकदा उघडावयाच्या कुंडीवर तीच शिळा ठेवली तर कुंडी उघडलीच जाणार नाही. जुनी योजना बंद पडण्याचे कारण अनेकदा राजकीय उलथापालथीत शोधले जाते. राजाश्रय नाहीसा झाल्याने मुख्यतः नाहीशी झाली ती ठराविक दिवशी माणसे व अवजारे जमविण्याची व्यवस्था, ही बाजूही तितकीच महत्त्वाची आहे.

५. शिळा उचलण्याची रीत

शिळा हलविण्याचे काम मराठवाड्यात पाथरवट आणि वडार समाजांकडे परंपरेने राहिले. वडारांमध्ये दगड फोडणारे, गाड्यांवर दगड वाहणारे आणि मातीकाम करणारे असे भेद रूढ होते. विहिरी खोदणे, तलावांचे बांध घालणे, जाती घडविणे ही कामे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. त्यांची अवजारे मोजकी होती : लोखंडी पहार, सुतकी, छिन्नी, लाकडी व लोखंडी पाचरी, ओंडके, दोर आणि कप्पी.

या साधनांत पहार ही मुख्य. तिचे गणित साधे आहे. पाच फुटी पहारीखाली टोकापासून तीन इंचांवर टेकू ठेवला तर टेकूपासून हातापर्यंत सत्तावन्न इंच अंतर उरते. म्हणजे हाताचा जोर एकोणीस पट होतो. १६४ किलोग्रॅमच्या शिळेची एक कड उचलताना दुसरी कड जमिनीवर टेकलेली असते, त्यामुळे निम्माच भार, म्हणजे ८२ किलोग्रॅम, पहारीवर येतो. एकोणीसने भागल्यास हातावर साडेचार किलोग्रॅमहूनही कमी भार राहतो. अर्थात गाळाचा चिकटपणा व कडांचे घर्षण यांमुळे प्रत्यक्षात जोर पुष्कळ अधिक लागतो; तरी एक माणूस शिळेची कड हलवू शकतो हे खरे. मात्र जे जोरात मिळते ते अंतरात गमवावे लागते. हात एकोणीस इंच खाली आला तेव्हा कड जेमतेम एक इंच वर येते.

म्हणून कुशल कामगार शिळा एका झटक्यात उचलीत नाही. तो कड बोटभर वर आली की तिच्याखाली पाचर सरकवितो, मग टेकू उंच करून पुन्हा पहार घालतो. पाचर शिळेच्या मागोमाग चालते, त्यामुळे पहार निसटली तरी शिळा खाली येत नाही. एक कड तीन-चार इंच वर आल्यावर दुसरी कड त्याच रीतीने वर घेतली जाते. नंतर दोन्हींखाली गोल ओंडके घालून शिळा बाजूला ढकलली जाते. दगडावर दगड ओढण्यास वजनाच्या निम्म्याहून अधिक जोर लागतो, ओंडक्यांवर तो अगदी थोडा लागतो. सारांश, ही कला उचलण्याची नसून थोडे वर घेऊन सरकविण्याची आहे. हात शिळेखाली कधीही न घालणे, शिळेच्या उताराच्या बाजूस कोणी उभे न राहणे, आणि एकाच माणसाच्या इशाऱ्यावर सर्वांनी जोर करणे, हे तिचे तीन नियम होत. बोटे व पाय चिरडण्याचे अपघात बहुधा यांपैकी एखादा नियम मोडल्यानेच होतात.

शिळा सरळ वर उचलावीच लागली, तर तोंडावर तीन वासे डोक्याशी बांधून घोडी उभी केली जाते आणि तीस कप्पी लावून दोराने शिळा ओढली जाते. मोटेच्या विहिरीवर जे तत्त्व रोज वापरात होते तेच येथे वापरले जाई. परंतु दोर शिळेस अडकवावयाचा कोठे, हा प्रश्न राहतोच. पाश्चात्त्य जगात यावर एक प्राचीन उपाय होता. दगडाच्या माथ्यावर तळाशी रुंद व तोंडाशी अरुंद अशी खाच खणून तीत लोखंडाचे तुकडे असे बसवीत की ओढ बसताच ते खाचेत घट्ट आवळले जात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील हेरोनने आपल्या यंत्रविषयक ग्रंथात दगड उचलण्याच्या साधनांचे विवेचन केले आहे. हा ग्रंथ नवव्या शतकातील कुस्ता इब्न लूका याच्या अरबी भाषांतरामुळे टिकला. भारतीय परंपरेत अकराव्या शतकातील भोजाच्या समरांगणसूत्रधारात यंत्रांवर स्वतंत्र अध्याय आहे. कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वराच्या मानसोल्लासात (११२९) राजाच्या जलक्रीडेचे वर्णन येते. हे ग्रंथ राजाच्या आनंदाचे व आश्चर्यकारक यंत्रांचे वर्णन करतात. क्रीडेचे जलाशय स्वच्छ ठेवणाऱ्यांच्या पहारीस त्यांत स्थान नाही. झाकणशिळेचे तंत्र म्हणून ग्रंथांपेक्षा हातांतच जपले गेले.

नंतरच्या काळात शिळेत लोखंडी कडी बसविण्याची रीत रूढ झाली. शिळेत भोक पाडून त्यात कडीचा दांडा घालतात व भोवती शिसे ओततात. शिशाचे वेष्टन पूर्ण असेल तर कडी दीर्घकाळ टिकते. शिसे अपुरे पडले अथवा त्याऐवजी सिमेंट भरले, तर ओलाव्याने लोखंड गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट अधिक जागा व्यापतो आणि आतून दाब देऊन दगड फोडतो. अनेक झाकणांचा कडीभोवतीचा भाग तडकलेला दिसतो तो यामुळेच. उचलण्याच्या सोयीसाठी घातलेली वस्तूच शिळेचा नाश करते.

काळ्या मातीचाही येथे विचार केला पाहिजे. कयाधू व पूर्णा यांच्या खोऱ्यांतील काळी कसदार माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. फुगलेली माती हौदाच्या भिंती आत दाबते आणि शिळा खाचेत आवळली जाते. उन्हाळ्यात तो दाब सैल होतो व पाणीही कमी असते. वैशाख-ज्येष्ठात, पावसाच्या आधी, गाळ काढण्याची प्रथा ही म्हणून केवळ शेतीच्या फुरसतीशी जोडलेली नाही. दगड व माती यांच्या स्वभावाशीही ती जुळते.

६. बंद झालेली तोंडे

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उघड्या बारवांच्या बाबतीत निर्णायक बदल घडला, आणि त्याचे कारण नारू हा रोग होय. नारूचा रुग्ण पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालतो तेव्हा जखमेतून जंतूच्या अळ्या पाण्यात पडतात. सूक्ष्म जलचरांच्या पोटात त्या वाढतात. ते पाणी पिणाऱ्यास सुमारे वर्षभराने रोग प्रकट होतो. या साखळीत पायरीची विहीर हा मुख्य दुवा होता. महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. १९८३-८४ पासून राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रमात पाणी गाळून पिण्याचा प्रचार, पाण्यावर औषधयोजना आणि पायऱ्यांच्या विहिरींचे रूपांतर वरून पाणी शेंदण्याच्या विहिरींत करणे हे उपाय योजले गेले. १९९६ मध्ये देशातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. पाणी झाकण्याचा हा निर्णय सर्वथा योग्य होता. बारवांच्या ऱ्हासाविषयी खेद व्यक्त करणाऱ्या लेखनात नारूचा उल्लेख क्वचितच येतो. त्यामुळे बारवा लोकांच्या केवळ अनास्थेने ओस पडल्या असा अपुरा निष्कर्ष निघतो.

तथापि पाणी झाकल्यावर देखभालीची वाट कोणती, हा प्रश्न मागे राहिला. नळयोजना आल्यावर बारवेचे पाणी पिण्याची गरज संपली आणि तीत उतरणारी माणसेही संपली. काही ठिकाणी तोंडावर काँक्रीटचा पाट टाकला गेला. काँक्रीटचा एकसंध पाट आणि कोरडी झाकणशिळा यांत मूलभूत फरक आहे. शिळा काढता येते, पाट फोडावा लागतो. फोडण्याचे काम कोणी सहज हाती घेत नाही, म्हणून आतली अवस्था कोणालाही दिसत नाही. अलीकडच्या वर्षांत वालूरसारख्या गावांत श्रमदानाने बारवांतील गाळ काढला गेला आहे. अशा उपक्रमांत ढासळलेल्या शिळा पूर्वस्थानी ठेवण्याचा प्रश्न येतो, आणि तेव्हा कोरड्या बांधणीचा दगड चुन्यासिमेंटाविना कसा उचलावा व कसा बसवावा, हे जाणणाऱ्या कामगाराची उणीव भासते. यंत्राच्या साखळीने कड पकडून ओढलेला घडीव दगड कंगोऱ्यावर फुटतो. आबू सिंबेलची मंदिरे १९६४ ते १९६८ या काळात हलविताना खडकाचे वीस-तीस टनांचे तुकडे कापले गेले. त्यांस साखळीचा स्पर्श होऊ नये म्हणून दगडात पोलादी गज बसवून ते उचलण्यात आले. ही दक्षता दोनशे किलोग्रॅमच्या शिळेसही अशक्य नाही. ती घेण्याची बुद्धी मात्र हवी.

झाकण उघडल्यानंतरचा धोका याहून गंभीर आहे. दीर्घकाळ बंद असलेल्या हौदात, विहिरीत वा गटारकुंडीत प्राणवायू कमी होतो व विषारी वायू साठतात. दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायूचा अभाव दाखविते. कुजणाऱ्या घाणीतून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा पत्ता तिने लागत नाही. गटारे व मलकुंड्या यांत माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने प्रतिबंध घातला; २०१४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने मृतांच्या कुटुंबास दहा लाख रुपये भरपाई ठरविली आणि २०२३ मध्ये ती तीस लाख केली. झाकण कोण उचलतो आणि आत कोण उतरतो, हा प्रश्न मध्ययुगात ज्या समाजघटकांपाशी येऊन थांबत होता, त्याच घटकांपाशी तो पुष्कळ अंशी आजही थांबतो. झाकणशिळेच्या इतिहासास या वस्तुस्थितीपासून अलग करता येणार नाही.

७. उपसंहार

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, हिंगोली-परभणी परिसरातील कोरड्या बांधणीत वजन हे सांधण्याचे साधन असल्यामुळे काढता येणारी शिळा ही त्या वास्तुपरंपरेची स्वाभाविक निष्पत्ती आहे. तिला सिमेंटने कायमची जखडणे हे त्या परंपरेच्या विरुद्ध आहे. दुसरा असा की, बारव आणि नहर या केवळ दोन वास्तुप्रकारांच्या नव्हेत, तर देखभालीच्या दोन पद्धती होत. एकीत माणूस पाण्यापर्यंत चालत जातो, दुसरीत झाकण उघडून आत उतरतो. तिसरा असा की, झाकणाचे वजन ठरविताना ते किती वेळा आणि कोणाच्या हातांनी उघडावयाचे आहे याचा विचार न झाल्यास पाण्याची योजना कालांतराने निकामी होते.

आजच्या पोहण्याच्या तलावाच्या काठी, आजूबाजूच्या फरशीशी मेळ साधावा म्हणून स्किमरच्या कुंडीवर जाड दगडी झाकण बसविण्याची हौस दिसते. ज्या जाळीतील कचरा दर दोन-चार दिवसांनी काढावयाचा, तिच्यावर वर्षातून एकदा उघडण्याच्या तोंडास शोभेल अशी शिळा ठेवली जाते. जुन्या पाथरवटाने अशी योजना केली नसती. त्याने एकतर शिळा पातळ केली असती, किंवा तिचे दोन भाग केले असते, किंवा पहारीचे टोक शिरेल एवढी खाच कडेला ठेवली असती. बोटभर रुंदीची ती खाच म्हणजे शिळा पुढे कोणीतरी उचलणार आहे, याची घडविणाऱ्याने ठेवलेली जाणीव होय. जलवास्तूंच्या सर्वेक्षणात शिळेची लांबी-रुंदी व कोरीवकाम नोंदविले जाते, तशीच या खाचेची, कडीच्या भोकाची आणि पहारीने झिजलेल्या कडेची नोंद होणे आवश्यक आहे. शिळा किती वेळा उचलली गेली, हे तीच झीज सांगू शकते.